तळ्याकाठची विष्णुक्रांता

मित्रांनो, मी बंगळुरातल्या एका घरचा जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगावर चरे आहेत, पट्टा दोनदा शिवलेला आहे. त्याचे मला दुःख नाही. पण यंदाच्या मार्चमध्ये मी जे पाहिले, त्याची किळस अजून जात नाही.

माझे मालक पद्माकर राजाजीनगरात राहतात. सोळा वर्षांपूर्वी, सरकारी कारखान्यात अभियंता असताना, त्यांनी मला आणले. थंडी ओसरली, की ते मला येलहंक्याच्या पुढे एका तळ्याकाठी नेत. पाणी आटलेल्या ओलसर काठावर नखाएवढी रानफुले उमललेली असत. पद्माकर चिखलात पालथे पडून वारा थांबायची वाट पाहत. फुलाला त्यांनी कधी बोट लावले नाही. आमच्या चित्रांचे फार कौतुक होई. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि मी चार वर्षे कपाटात पडून राहिलो.

यंदा त्यांचा मुलगा क्षितिज मला एका छायाचित्र मंडळाच्या सहलीला त्याच तळ्याकाठी घेऊन गेला. मी आनंदात होतो. पण तिथे एकाने दव दिसावे म्हणून फुलांवर साखरेचे पाणी फवारले. दुसऱ्याने जिवंत किडा गोंदाने पानाला चिकटवला. त्याचे पाय हलत होते आणि सगळे कॅमेरे त्याच्यावर रोखलेले होते. मीसुद्धा. मला मान फिरवता येत नाही.

मग क्षितिजला विष्णुक्रांतेच्या निळ्या रानफुलांचा एक सुरेख झुबका दिसला. त्याने मनासारखे चित्र टिपले. मंडळाचा प्रमुख योगीराज त्याच्या कानाशी म्हणाला, "आता चिरडून टाक. बाकीच्यांनीही हाच काढला, तर तुझा फोटो युनिक कसा राहणार?"

क्षितिजने इकडेतिकडे पाहिले आणि झुबक्यावर बूट ठेवून टाच फिरवली.

शेळ्या चारणारे शिवाप्पा जवळच उभे होते. "याके सार?" त्यांनी विचारले. का केलेत असे?

"सुम्ने," क्षितिज म्हणाला. उगाच.

"शेळी तरी पोटासाठी खाते," शिवाप्पा कन्नडमध्ये म्हणाले आणि थुंकून पुढे गेले.

घरी पद्माकर चित्र पाहून हरखले. "उद्या रिक्षा करून जातो. प्रत्यक्ष बघायला हवी ही."

"ती आता नाही, बाबा," क्षितिज म्हणाला आणि त्याने घडले ते सांगितले. "सगळेच करतात असं."

पद्माकरांनी मला टेबलावर ठेवले आणि काही चिकटल्यासारखे हात पंच्याला पुसले. "सगळ्यांना कॅमेरा मी दिला नव्हता," एवढेच ते बोलले.

मंडळाच्या स्पर्धेत त्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. चषक घेऊन आलेल्या क्षितिजकडे वडिलांनी पाहिलेही नाही. दोन दिवसांनी त्याने चषक परत केला आणि आपण काय केले, ते मंडळाला लिहून कळवले. मंडळाने त्यालाच काढून टाकले. योगीराज अजून प्रमुख आहे.

मित्रांनो, आम्हा कॅमेऱ्यांना हवे तेवढे वापरा, धूळ खात ठेवलेत तरी चालेल. पण जे सुंदर म्हणून टिपलेत, ते मागून येणाऱ्यासाठी जिवंत राहू द्या. तुमच्या बुटाखाली काय गेले, ते सांगण्याची वेळ आमच्यावर आणू नका.