चुलीवरची गिटार

पालीला राजगडाच्या वाटेवर अंबूबाईचं घर शेवटचं. त्याच्यापुढं नुसता डोंगर. गडावर जाणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालायची, त्यावर तिचं भागायचं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेक स्नेहल चाकणला दिलेली. मुक्कामाला येणाऱ्यांसाठी म्हणून तिनं मागल्या अंगाला एक खोली काढली, आणि ती श्रेयसनं कायमची भाड्यानं घेतली.

श्रेयस भोरचा. तिथं त्याचं घर भर गल्लीत. त्यानं तार छेडली की शेजारपाजार भांडायला दारात उभा. तो रॉक वाजवायचा, आणि ते हौसेखातर नव्हे, त्याचं पोटच त्यावर होतं. मुंबई, बंगळूर, कधी परदेशातही त्याचा बँड जायचा. दोन दौऱ्यांच्या मधे तो पालीला येऊन राहायचा आणि दिवसदिवस वाजवत बसायचा. तीन गिटारी, पायानं दाबायच्या डब्यांची एक फळी आणि गिटारीचा आवाज मोठा करणारा, कणगीसारखा जड एक ॲम्प. पहिल्याच दिवशी शेजारचा कुंडलिक बांधावरून ओरडला होता, "वैनी, तुमचा पाव्हणा वाजवतोय का डोंगराला सुरुंग लावतोय?"

त्या वाजवण्यातलं अंबूबाईला काही कळत नव्हतं. पण ती भाकरी थापायला बसली की मागची भिंत थरथरायची, डब्यावरचं झाकण वाजायचं, आणि घरात माणूस आहे एवढं तिला कळायचं. ताट घेऊन गेली की तो तिला डब्या दाखवायचा. ही दाबली की आवाज फाटतो. ही दाबली की तोच आवाज समोरच्या कड्यावर आपटून माघारी आल्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. एकदा तिनंही अंगठ्यानं दाबून बघितली, आणि लाजून पदर तोंडाला लावला.

यंदा आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तो लांबच्या दौऱ्यावर निघाला. दोन गिटारी बरोबर नेल्या. तांबडी गिटार, जी त्याची पहिली, आणि ॲम्प तिच्या हवाली केला. त्या ॲम्पमध्ये काचेच्या नळ्या होत्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. दर रविवारी थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे आत ओल धरणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं. वीज असलेला एकही रविवार अंबूबाईनं चुकवला नाही. नळ्या निखाऱ्यासारख्या लाल व्हायच्या, ॲम्प बारीक गुणगुणायचा. ती समोर बसून तांदूळ निवडायची. लेकीचा फोन येऊन जायचा तोही त्याच वेळी.

मग वेल्हे तालुक्यातला तो मुसळधार पाऊस लागला. भिंती पाझरायला लागल्या, वीज आठवडा आठवडा येईना. एक दिवस तिनं गिटारीची पेटी उघडली तर तांबड्या लाकडावर पांढरी बुरशी. ओलीचा तिच्या घरात एकच इलाज होता. चुलीवर बांबूचा माळा होता. पावसाळ्यात भाताचं बी, सरपण, भिजलेलं घोंगडं, सगळं त्यावरच वाळायचं. सासूनं तसंच केलं होतं, तिच्या सासूनंही. अंबूबाईनं गिटार पुसली, लुगड्यात गुंडाळली आणि बियाण्याच्या शेजारी ठेवली.

पाऊस उघडल्यावर खाली काढली तेव्हा बुरशी गेली होती. पण रंगाला फोड आले होते, धुरानं तांबडीची काळी झाली होती, आणि दांडी अशी वाकली होती की तारा बोटभर वर उचलल्या गेल्या होत्या. तिला वाद्यातलं काही कळत नसलं तरी वाकलेलं लाकूड कळत होतं.

त्या दिवसापासून तिला एकच भीती. हे बघितलं की पोराचा आपल्यावरचा भरवसा उडेल आणि तो सामान उचलून नेईल. काय बोलायचं ते ती भांडी घासताना मनाशी घोळवायची. ओरड, चार शब्द बोल, पण सामान हितंच राहू दे.

श्रेयस आला तो रविवारीच, दसरा झाल्यावर, टेम्पो घेऊन. टेम्पो बघून ती दारातच थबकली. ॲम्प तिनं नुकताच चालू केला होता. नळ्या गरम असताना हलवला तर रस्त्याच्या खड्ड्यांत फुटतील, जरा निवू दे, असं त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, बटण बंद केलं आणि चुलीपाशी पाटावर येऊन बसला. तिनं चहाही ठेवला नाही. आधी गिटार आणून त्याच्या मांडीवर दिली.

"माळ्यावर ठिवली व्हती," ती म्हणाली. "बुरशी लागली म्हनून. माजी चूक झाली."

त्यानं काठी सरळ आहे का बघावी तशी दांडी डोळ्याला लावली. फोडांवरून त्याचा अंगठा फिरत राहिला. मग नाकाशी नेऊन वास घेतला आणि कसंनुसं हसला.

"भाकरीचा वास येतोय, मावशी."

"शिवी दे, पण हसू नगं."

पुण्यात एक जण दांडी बदलून देतो, त्यानं सांगितलं. आवाज पहिला राहणार नाही, पण वाजेल. तिच्या जिवात जीव आला. ती लगबगीनं म्हणाली की मग सामान हितंच असू दे, पुढच्या पावसाळ्यात चुलीजवळसुद्धा नेणार नाही, लेकीकडून सांगशील ते मागवीन.

"मावशी, त्यासाठी नाही नेत," श्रेयस म्हणाला. "मुंबईत जागा घेतली गेल्या महिन्यात. भिंतींना गाद्या लावल्यात, बाहेर काही ऐकू जात नाही. फोनवर सांगणार होतो. जमलं नाही."

अंबूबाईनं मान हलवली. म्हणजे ती भांडी घासताना शब्द घोळवत होती, तेव्हाच त्याचं जायचं ठरलं होतं. तिच्या चुकीनं जात असता तर तिला पाया पडता आलं असतं, विनवता आलं असतं, भांडताही आलं असतं. आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिनं उठून चहा टाकला.

ॲम्प निवला. श्रेयसनं आणि ड्रायव्हरनं उचलून टेम्पोत चढवला. श्रेयसनं वाकून नमस्कार केला, येत राहीन म्हणाला. "ये की," ती म्हणाली, "गड काय कुठं जात न्हाई." टेम्पो उतारावरून गेला.

पुढच्या शनिवारी पुण्याची पोरं आली. त्यांच्यातली सोनिया नावाची मुलगी मागं डोकावून म्हणाली, "आजी, ही खोली रिकामीच दिसतेय. रात्रीपुरती मिळेल?"

अंबूबाईनं पुढं होऊन कडी लावली.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "दिल्याली हाय. तुमी पडवीत झोपा, मी सतरंजी देते."