तीन दिवसांचं परस्थान

१९३९ सालच्या चैत्रातला तो सोमवार होता. मेहरूणच्या घरात, देवघरासमोर बसून कुंदा नवऱ्याचं, चुडामणचं, परस्थान बांधत होती. त्याच्या धुतलेल्या उपरण्यात तिनं मूठभर तांदूळ, एक सुपारी आणि हळकुंड ठेवलं, चारी टोकं एकत्र घेतली. पण गाठ काही बसेना. बोटांना घाम सुटला होता.

"आवर वं पोरी, मुहूर्त टळी जाई," सासूबाई, तानुबाई, मागून म्हणाल्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. जळगावजवळ येऊन तीस वर्षं झाली तरी त्यांची बोली बदलली नव्हती.

जोशीबुवांनी निघायचा मुहूर्त सोमवारचा दिला होता आणि फटफटी अजून सुरू होत नव्हती. तिचा ठिणगी देणारा मॅग्नेटो दुरुस्तीला मुंबईला गेला होता, तो रेल्वेनं यायचा होता. अशा वेळी माणसाऐवजी त्याची एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढतात आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवतात. मग माणूस घरात जेवत-झोपत असला तरी तो निघाला असं धरतात. मात्र तीन दिवसांत त्यानं खरोखर निघायला हवं. म्हणजे गुरुवारी सकाळी. नाही तर परस्थान मोडतं; आणि मोडल्या परस्थानावर सासरे रुपचंद आबांनी मुलाला गावच्या वेशीबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. पुढचा मुहूर्त अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, त्यानंतर शेतीची कामं, पाऊस. म्हणजे एक वर्ष गेलं.

गाठोडं नासीरच्या घरी ठेवायचं ठरलं होतं. नासीर म्हणजे चुडामणचा शाळेपासूनचा दोस्त. धुळ्याच्या रस्त्यावर त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि मागेच घर. सगळा प्रवास त्याच रस्त्यानं सुरू व्हायचा होता. मुसलमानाच्या घरी परस्थान, म्हणून तानुबाई दोन दिवस कुरकुरल्या. शेवटी आबाच म्हणाले,

"दिशाले काय जात ऱ्हास? ठेवू दे."

फटफटी जिनिंग कारखान्यातल्या एका गोऱ्या साहेबानं जाताना टाकून दिलेली. दोघांनी दोन वर्षं खपून ती उभी केली होती. नासीरच्या दुकानात टायर कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर बर्फाचे डोंगर होते, निळसर, धुतलेल्या धोतराला नीळ जास्त व्हावी तसे. ते चित्र पाहून दोघांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. धुळे, शिरपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली आणि मग जिथे डोंगर पांढरे होतात तिथपर्यंत. मेहरूणमध्ये बर्फ म्हणजे कारखान्यातून भुशात गुंडाळून येणारी लादी. डोंगरावर तो आपोआप पडतो, यावर आबांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

दुपारी कुंदानं नवऱ्याला ताट वाढलं. भाकरी, तिच्यावर भाजी, भाजीला लागून चटणी, कांद्याची फोडसुद्धा मधेच.

"बठ्ठं मधमाच वाढस का तू?" तानुबाईंचा आवाज चढला. "चटणी डावी बाजूले, भाजी उजवी बाजूले. तुले मायनी काय शिकाडं?"

"राहू दे गं माय," चुडामण खाली मान घालून म्हणाला. "पोटात जाऊन सगळं एकच होतं."

गेले तीन महिने कुंदा हे ऐकून घेत होती.

कारण तिनं डावीकडे वाढलेली चटणी त्याला दिसत नव्हती. उजवीकडचा तांब्या दिसत नव्हता. पौषात तो तिला माहेरी सोडायच्या निमित्तानं धुळ्याला घेऊन गेला होता आणि तिथे महिन्यातून एकदा मुंबईहून येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघं गेले होते. डॉक्टरांनी बराच वेळ त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला. मग म्हणाले, नजर बाजूनं मिटत चालली आहे, फुंकणीतून पाहावं तसं होत जाईल. संध्याकाळ झाली की आताच काही दिसत नसणार. औषध नाही. तीन वर्षं, फार तर पाच.

बाहेर येऊन चुडामणनं टांग्याच्या आडोशाला तिला थांबवलं होतं.

"कानबाईची आण आहे तुला. आबांना नाही, मायला नाही, नासीरला तर नाहीच."

"नासीरभाऊंना का नाही?"

"कळलं तर नेईल का तो मला?"

तेव्हापासून ती आण तिच्या छातीवर जात्याच्या तळीसारखी होती. दोघं आळीपाळीनं फटफटी चालवणार, असं चुडामण आबांना सांगे. कुंदाला दिसे ते एकच. अनोळखी रस्ता, कलता दिवस, पुढे हा, आणि मागे काहीही ठाऊक नसलेला नासीर. विधवा होण्याची भीती तर होतीच. पण नासीरच्या अम्मीच्या तोंडाकडे आपण कसं पाहणार, हेही तिच्या मनात येई. त्या बाईनं परस्थानाचं गाठोडं स्वयंपाकघरापासून लांब, वरच्या फडताळात, धुतलेल्या फडक्यावर ठेवल्याचं नासीर सांगून गेला होता. "अम्मी म्हणते, तुमच्या देवाला आमच्या मटणाचा वास नको लागायला."

मंगळवारी पोस्टमन आला. आबा शेतात होते, तानुबाई तळ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या, चुडामण स्टेशनवर पार्सलाची चौकशी करायला. पोस्टमननं लांब पाकीट कुंदाच्या हातात दिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. आतल्या चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी होत्या. मॅग्नेटो दुरुस्त करून पाठवला आहे, सोबतची रेल्वे पावती दाखवून जळगाव स्टेशनवर माल सोडवून घ्यावा.

पावती नसेल तर माल सुटत नाही, हे तिनं दोघांच्या बोलण्यातून शंभरदा ऐकलं होतं.

ती घरात गेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाच्या डब्याचं झाकण तिनं काढलं, पाकीट आत उभं खोचलं आणि वरून पीठ सारखं केलं. मग हात झटकून ओट्यावर आली. समोर उन्हात एक कोंबडी चोच उघडी टाकून उभी होती. कुंदा बराच वेळ तिच्याकडेच पाहत राहिली.

चुडामण परतला तो घामानं निथळत.

"पार्सल बाबू म्हणतो, पावती आणा. पावतीशिवाय तो वहीसुद्धा उघडत नाही. टपाल आलं का?"

"नाही."

तो उंबऱ्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ती घसरून डावीकडे पडली. जराशानं त्यानं गुडघा चाचपला, मग जमीन. टोपी हातभर अंतरावर होती. कुंदानं ती उचलून त्याच्या मांडीवर, समोर ठेवली.

"पुढच्या वर्षी जाता येईल," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. त्याच्या त्या नजरेपेक्षा त्यानं हात उगारला असता तर बरं, असं तिला झालं.

बुधवारी दुपारी नासीर आला. काळं पडलेलं धोतर, हाताला ग्रीस. ओट्याच्या खालच्या पायरीवर टेकला. आबा वर बाजेवर होते. चुडामण खांबाला पाठ टेकून बसला होता. कुंदा दाराच्या आत, पदर पुढे ओढून उभी होती. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी बोलायची रीत नव्हती.

"काय रे नासीर," आबा म्हणाले, "तुमनं विमान उडस का नही?"

"पंख मुंबईला अडकलेत, आबा."

"मंग उद्या सकाळी ते गाठोडं परत आणी दे."

"उद्या उजाडेपर्यंत वेळ आहे ना आबा, जीव का काढता?" नासीर हसला. मग सहज म्हणावं तसं म्हणाला, "आणि काळजी नका करू. गाडी मीच चालवणार. चुडामण मागे. दिवस मावळायच्या आत मुक्काम, मग राजा बोलवो की वजीर."

"आरं, पन चुडामण तर सांगस, दोन्ही जन..."

"तो चालवतो का सांडतो? मागच्या महिन्यात दुकानाच्या अंगणात माझ्या दोन कोंबड्या मारल्या त्यानं. अम्मी अजून मोजते."

चुडामण ओशाळं हसला. वाद मात्र घातला नाही. कुंदानं दाराची कडी धरली.

तानुबाई ताक घेऊन आल्या. नासीरचा पेला वेगळा, ओट्याच्या कोनाड्यात असे. तो त्यानं स्वतः काढला आणि तानुबाईंनी वरून ताक ओतलं. चुडामणचा पितळी पेला त्यांनी त्याच्या डाव्या बाजूला ठेवला आणि त्या वळल्या. चुडामण समोर पाहत होता. पेला त्याच्या मांडीपासून वीतभर लांब होता.

नासीर आबांना इंदूरचा रस्ता सांगत होता. बोलता बोलताच तो अर्धवट उठला, तो पितळी पेला त्यानं उचलला, चुडामणच्या तोंडासमोर, अगदी मधोमध धरला. त्याची बोटं पेल्याभोवती बसेपर्यंत थांबला. मग सोडला. "तर सेंधव्याचा घाट आहे ना, आबा," असं म्हणत परत खाली बसला. वाक्य मधे तुटलंही नव्हतं.

तानुबाईंना दिसला तो नासीरचा हात घरच्या पेल्याला लागलेला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

कुंदाला दिसलं ते त्या हाताचं थांबणं. त्या हाताला सवय होती. एका दिवसाची नव्हती. महिन्यांची, कदाचित तिच्याहूनही आधीची.

ती आत गेली. पिठाचा डबा उघडायला तिला वेळ लागला. पाकीट झटकून ती बाहेर आली आणि तिनं ते तानुबाईंच्या हातात न देता सरळ नवऱ्यासमोर धरलं.

"टपाल," ती एवढंच म्हणाली.

"कधी आलं?" चुडामण धडपडून उठला.

नासीरनं पाकीट घेतलं, पावती बाहेर काढली. तिच्या घडीतून पीठ सांडून त्याच्या काळ्या बोटांवर पडलं. त्यानं ते पाहिलं. क्षणभर दाराकडे पाहिलं.

"मुंबईचं पोस्ट भारी आहे भो," तो म्हणाला. "पाकीट पिठात घोळून पाठवतात."

चुडामण एवढ्यानं हसला की आबाही हसले. कुंदाचा पदर तोंडावर होता. तानुबाईंनी तो पितळी पेला घेतला आणि मागल्या दारी राखेनं तीनदा घासला.

रातोरात मॅग्नेटो सोडवून बसवला आणि गुरुवारी उजाडताना फटफटी दारात आली. तिच्या आवाजानं गोठ्यातला बैल दावं तोडायला लागला. कुंदानं नवऱ्याच्या तळहातावर दही ठेवलं, मधोमध. त्यानं ते चाटलं आणि तिच्याकडे पाहिलं, सरळ, न हलता, जसा तो कॅलेंडरकडे पाहत असे. तिला वाटलं, आपल्याला सांगता येईल, थांबा म्हणता येईल. पण काय सांगणार? ज्याला सांगायचं त्याला ठाऊक होतं आणि ज्याला थांबवायचं तो तीन दिवसांपूर्वीच निघून गेला होता.

परस्थान उचलायला दोघं धुळ्याच्या रस्त्याकडे गेले. आवाज गावाबाहेर पडेपर्यंत ऐकू येत होता. मग नुसता बैल फुरफुरत राहिला.

दोघं सव्वादोन महिन्यांनी परत आले, रेल्वेनं. फटफटी पठाणकोटला विकून तिकिटं काढली होती. परस्थानाची सुपारी चुडामणनं परत आणली आणि ती देवघरात राहिली. पुढे लढाईत पेट्रोलच मिळेना, नासीर बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवू लागला. सत्तेचाळीस साली त्याचा भाऊ कराचीला गेला. हा गेला नाही. अम्मी म्हणाली, दुकान धुळ्याच्या रस्त्यावर आहे, कराचीच्या नाही. आबा बेचाळीसच्या उन्हाळ्यातच वारले होते. तानुबाईंना मुलाच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा त्यांनी डोकं आपटून घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चटणी त्याही मधे वाढू लागल्या. नासीरचा पेला मात्र शेवटपर्यंत वेगळाच राहिला.

चुडामणची नजर चव्वेचाळीसच्या पोळ्यापर्यंत पुरली. नंतर तो पस्तीस वर्षं ओट्यावर बसून गावातल्या पोरांना बर्फ सांगत असे. पांढरा म्हणतात ते खोटं, तो म्हणे. निळसर असतो. धोतराला नीळ जास्त झाल्यासारखा.

तो गेला त्याच्या दहाव्या दिवशी नासीर आला. पाठीत वाकलेला. कोनाड्यातला पेला घेऊन ओट्यावर बसला. मग आपणहून म्हणाला,

"पठाणकोटच्या पुढे दरड पडली होती, वहिनी. रस्ता बंद. चार दिवस ढग. पाचव्या दिवशी एका घडीसाठी उघडलं. सगळा डोंगर केशरी झाला होता. असा केशरी मी पुन्हा पाहिला नाही."

कुंदाबाईंनी मान वर केली.

"हे तर निळसर म्हणायचे."

नासीरनं हातातला पेला खाली ठेवला.

"संध्याकाळ होती, वहिनी," तो म्हणाला.

तो गेल्यावर नात येऊन मांडीला टेकली. आजोबांचा बर्फ कुठल्या रंगाचा होता, यावरून तिचं शाळेत भांडण झालं होतं.

"निळसर," कुंदाबाई म्हणाल्या. "त्यांनी पाहिला होता ना."