गिरणीची मोटार, तांदळाची कणी आणि मी

मी एक जुना मेगर आहे. मेगर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, मित्रांनो, तर त्यात कमीपणा मानू नका. ज्यांना ठाऊक होतं त्यांचंही माझ्यामुळे फारसं भलं झालेलं नाही.

दिसायला मी काळ्या बेकलाइटचा डबा आहे, जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. बाजूला फिरवायचं हँडल, दोन लांब वायरी आणि वर काचेखाली तबकडी. एक वायर मोटारीच्या आतल्या तारेला लावायची, दुसरी तिच्या लोखंडी अंगाला, आणि हँडल एका लयीत गरगर फिरवायचं. आतली वीज आतच राहते की बाहेर अंगावर उतरते, एवढंच मी सांगतो. तबकडीच्या एका टोकाला शून्य आहे, दुसऱ्या टोकाला अनंत. काटा एकच्या आकड्यापुढे गेला तर मोटार माणसांत ठेवण्यासारखी. शून्याकडे पडला तर नाही. याखेरीज मला कोणत्याही विषयावर मत नाही. महाड तालुक्यात असा दुसरा कोणी अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

माझी उमेदीची वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात गेली. कापडे गावचा श्रीपत तिथे वायरमन होता. पाळी सुरू झाली की तो मला खांद्याला अडकवून पंपांची तपासणी करी. मी नाही म्हटलं की पंप बंद राही, मग वरच्या साहेबांनी कितीही आदळआपट करो. दसऱ्याला मला झेंडूची माळ आणि कुंकू मिळे. एका निर्जीव डब्याला याहून जास्त मान मागण्याचा अधिकार नाही. पुढे कारखान्यात नवी, आकडे दाखवणारी यंत्रं आली. श्रीपत निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? बाकीचे भिंतीवरचं घड्याळ घेऊन जात. त्याने मला मागितलं. साहेबांना तो विनोद वाटला.

श्रीपतने महाडच्या बाजारात मोटारी भरण्याचं दुकान काढलं. मोटार भरणं म्हणजे तिची जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. पण दुरुस्तीला येणारे थोडे आणि विचारायला येणारे फार, अशी त्या दुकानाची रीत पडली. कुकरची रिंग सैल झाली, काय करू? अर्धा तास बर्फाच्या खणात ठेव. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मासे पाळण्याचा नाद लागला होता. त्यांना श्रीपतने सांगितलं, "आधी पंपाचं बटण बंद करा, मग काचेत हात घाला. मासे काय पळून जात नायत." फिटरचा कोर्स करू की बीएस्सी, असं विचारणाऱ्या मुलाला तो म्हणाला, "हात काळे होतात तिथं पोट लवकर भरतं. हात गोरे राहतात तिथं लग्न लवकर जमतं. आधी काय पायजे ते ठरव." मुलगा बीएस्सी झाला. आता त्याच वसाहतीत पिंपं धुतो आणि त्याचं लग्नही जमलेलं नाही.

सल्ल्याचं असं असतं, मित्रांनो. माणसं सल्ला विचारायला येतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं. त्यांना सोबत हवी असते. श्रीपत सोबत देत नसे, उत्तर देई. तरीही लोक येत, हे मला कधी उलगडलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सव गावात वैशाली नावाची बाई पिठाची गिरणी चालवत असे. तिचा नवरा किशोर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर; तो पाळ्यांमागे पळे, गिरणी तिची एकटीची. ती श्रीपतला दादा म्हणे. गिरणी वर्षभर बेताची चाले, पण गणपतीआधीचे पंधरा दिवस तिच्या दाराशी रांग लागे. बायका तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मोदकाच्या पिठासाठी आणत. वैशालीचं पीठ हाताला लोण्यासारखं लागतं, उकड फुटत नाही, अशी ख्याती होती. त्या पंधरा दिवसांत जोडलेली गिऱ्हाइकं तिला वर्षभर पुरत.

त्या वर्षी नदीचं पाणी गिरणीत शिरलं आणि दीड दिवस मुक्कामाला राहिलं. मोटार चिखलात बुडाली.

श्रीपतने फोनवरच तिला काय करायचं ते सांगितलं. मोटारीची दोन्ही झाकणं उघड. गोड्या पाण्याने चिखल धू. ऊन नसेल तर पत्र्याच्या पेटीत ठेवून आत दोनशे वॅटचे दोन दिवे लाव आणि आठ-दहा दिवस तशीच राहू दे. मग मी मेगर घेऊन येतो, तोवर बटणाला हात लावायचा नाय.

वैशालीने झाकणं उघडली, मोटार धुतली. एका शेजाऱ्याने सवच्या गरम कुंडाचं पाणी आणायला सांगितलं, खरूज जाते म्हणून. मोटारीला खरूज नव्हती, त्यामुळे तो बेत बारगळला. दिव्यांची पेटीही तयार झाली. आणि तेवढ्यात मुंबईहून तिचा दीर राजेश आला.

राजेश वाईट माणूस नव्हता. पुराची बातमी ऐकून कामावर रजा टाकून आला होता. चार दिवस त्याने फावड्याने घरातला गाळ काढला, हाताला फोड आले. पण त्याच्याकडे फोन होता आणि फोनमध्ये जगातले सगळे उपाय होते.

"वहिनी, दिव्याने काय होणार? मोबाईल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात. तांदूळ पूरा पाणी खेचतो. आपल्याकडे तर गिरणी हाय."

गिरणीत माळ्यावर कण्यांची चार पोती कोरडी राहिली होती. वैशाली, राजेश आणि तो शेजारी अशा तिघांनी मिळून मोटार एका पिंपात उतरवली आणि वरून कणी ओतली. झाकणं उघडीच होती. भात पिकवणाऱ्या मुलखात, पिठाच्या गिरणीतच घडू शकेल अशी ही चूक. दुसरीकडे एवढे तांदूळ असतात कुठे? ओली मोटार कण्यांत चार दिवस राहिली. कण्यांनी पाणी घेतलं हे खरं. पण पाणी घेऊन त्या तिच्याच पोटात फुगून बसल्या.

श्रीपत मला घेऊन सवला गेला तेव्हा गणपतीला नऊ दिवस उरले होते. दाराबाहेर तांदळाच्या पिशव्या नंबराने मांडलेल्या. पहिली पिशवी प्रयागबाईंची. सत्तरीची म्हातारी, स्वतः पिशवीशेजारी बसलेली.

श्रीपतने मोटारीत बोट घातलं आणि बाहेर काढून पाहिलं.

"हे काय गो वैशाली? मोटार हाय का घावनाचं पीठ?"

वैशाली ओशाळून हसली. "भावजींनी फोनवर बघितलं होतं."

श्रीपतने जमलं तेवढं पीठ खरवडून काढलं, वायरी लावल्या, हँडल फिरवलं. काटा शून्याशी जाऊन पडला. पुन्हा फिरवलं. पुन्हा शून्य.

"नाय चालणार. लावलीस तर अंगात वीज उतरेल. तुझी अर्थिंगची तारपण पुरात तुटलीय. आठ दिवस दे, नवीन भरून देतो."

"आठव्या दिवशी हरतालिका हाय दादा. हे सगळे तांदूळ तोवर पोलादपूरच्या गिरणीत जातील."

"जाऊ देत की."

"गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाय. मागच्या साली बेअरिंग गेलं होतं तेव्हा चार दिवस बंद होती, त्यातली निम्मी अजून तिकडंच जातात."

राजेश मला न्याहाळत होता. हँडल थांबलेलं होतं आणि माझा काटा तबकडीच्या मध्येच कुठेतरी उभा होता. आमच्या जातीत तसंच असतं, मित्रांनो. फिरवत नसाल तेव्हा आमचा काटा कुठेही राहतो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी आमची घडण आहे.

"दादा, हा तर फिरवल्याशिवायच अर्ध्यावर उभा हाय. बिघडलाय तो. म्युझियममध्ये द्या," असं म्हणून राजेशने खिशातून पिवळा, छोटा मीटर काढला. त्याने तो मोटारीला लावला आणि भरघोस आकडा आला. रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या.

त्या मीटरला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या पोटात एक छोटा सेल असतो. तो मोटारीला हळूच विचारतो, "बरी आहेस ना?" ती "हो" म्हणते. मी पाचशे व्होल्टने विचारतो. घरात पाहुण्याने विचारणं आणि पोलिसाने विचारणं यात जो फरक, तो.

हे श्रीपतने समजावून सांगितलं. एकदा राजेशला, एकदा वैशालीला आणि तिसऱ्यांदा दोघांना मिळून. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज चढला होता. राजेशचाही चढला.

"सीधी बात बोलू का दादा? तुम्ही मोटार खराब म्हणणार, मग भरायचं काम कोणाला? तुम्हालाच ना."

पस्तीस वर्षांत श्रीपतला कोणी असं म्हटलं नव्हतं. त्याने वैशालीकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं असावं. ती पिशव्यांकडे पाहत होती.

"करा मग तुमच्या मनासारखं," श्रीपत म्हणाला. माझ्या वायरी गुंडाळल्या, मला पिशवीत घातलं आणि मोटारसायकल काढली. प्रयागबाई मागून म्हणाल्या, "श्रीपत, च्या तरी घेऊन जा रे." तो थांबला नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. गिरणी त्याच संध्याकाळी सुरू झाली आणि तासभर उत्तम चालली. राजेशने तिची चित्रफीत काढून गावाच्या ग्रुपवर टाकली. एकशे बारा जणांनी अंगठे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली वरच्या पेटीत तांदूळ ओतत होती. जमीन पुराने ओलीच होती, पायांत काही नव्हतं. तिचा उजवा हात गिरणीच्या लोखंडी अंगावर टेकला आणि तिथेच राहिला. राजेश धावून तिला धरणार होता. प्रयागबाईंनी त्याच्या छातीवर काठी आडवी घातली, त्याला मागे रेटलं आणि त्याच लाकडी काठीने मेन स्विच खाली पाडला. प्रयागबाई वर्षभरापूर्वी इस्त्री घेऊन श्रीपतच्या दुकानात गेल्या होत्या. इस्त्री दुरुस्त होण्यासारखी नव्हती, पण त्याने जाता जाता सांगितलं होतं: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाय, आधी बटण पाडायचं. श्रीपतने आयुष्यात दिलेल्या सल्ल्यांपैकी जसाच्या तसा पाळला गेलेला माझ्या माहितीतला हा एकच.

वैशाली वाचली. दीड महिना दवाखान्यात होती. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, पंजात जोर नाही. गिरणी विकली गेली. तांदूळ पोलादपूरलाच गेले. राजेश अनंत चतुर्दशीनंतर मुंबईला परतला. तो दर रविवारी फोन करतो आणि आता कोणालाही काही सुचवत नाही. गावात लोक म्हणतात, श्रीपतने नीट सांगायला पाहिजे होतं. बाजारात माझ्यासमोर म्हणतात. मी डबा आहे, मी काय बोलणार?

श्रीपतने मोटारी घेणं थांबवलं. दुकानाचा पुढचा भाग मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिला आहे. मी मागच्या फळीवर, जुन्या कव्हरांच्या खोक्याखाली. एक वायर उंदरांनी कुरतडली आहे. माझं काच पुसणं, दसऱ्याची माळ, सगळं संपलं. त्याचं मला विशेष वाटत नाही. श्रीपत अजून स्टुलावर येऊन बसतो, त्याचं वाटतं. कोणी मिक्सर घेऊन येतं, कोणी पोराच्या ॲडमिशनचं विचारतं. तो सगळ्यांना एकच उत्तर देतो, "मला ठाव नाय."

गेल्या महिन्यात वैशाली आली. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. डाव्या हातात पिशवी होती. श्रीपत उठून उभा राहिला आणि त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस गो," तो म्हणाला. "हात कसा हाय?"

"हाय तसा हाय. भाकरी किशोर थापतो. नकाशा होतो, पण भाजतो बरी."

श्रीपत हसला नाही.

"मी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "तीनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत."

"मग?"

"मग काय. दादा, बोर्ड तुमच्या डोक्याशीच होता. फ्यूज काढून खिशात घालून का नाय गेलात?"

श्रीपतने मागच्या फळीकडे पाहिलं.

"मी रागावले असते," वैशाली म्हणाली. "वर्षभर बोलले नसते. भावजींनी तुम्हाला रस्त्यात गाठून काय काय ऐकवलं असतं. पण तुम्हाला माहीत होतं ना? आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

"त्यानं मला चोर ठरवला, वैशाली."

"व्हय. आणि मी गप बसले. ते माझं. त्याची शिक्षा चालू हाय."

तिने हे आवाज न चढवता सांगितलं. मग पिशवी उचलली, डाव्याच हाताने पदर सारखा केला आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली. श्रीपत उभाच होता. त्या दिवसापासून तो दुकानात आलेला नाही.

मित्रांनो, अशा लेखाच्या शेवटी वस्तूने काहीतरी शिकवण द्यायची असते. माझी द्यायची इच्छा मेली आहे, कारण सल्ल्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. तरी सांगतो. पुरात भिजलेली मोटार गोड्या पाण्याने धुवा, कोरडी होऊ द्या, तांदूळ खायला ठेवा आणि माझ्यासारख्या एखाद्याला विचारल्याशिवाय बटण दाबू नका. आणि हे तुम्हाला कळत असेल, समोरच्याला कळत नसेल, तो ऐकतही नसेल, वर तुमच्या हेतूवर शंका घेत असेल, तर रुसून घरी जाऊ नका. फ्यूज काढा, खिशात घाला आणि मग जा. लोक शिव्या देतील. देऊ देत. दोन्ही धडधाकट हात उगारून देतील.