बरं झाल्याचा पास

"कुठं निघाला, आजोबा?"

"बायको आणायला."

"कुठून?"

"माहेरातनं. त्या डोंगरावर वस्ती हाय."

शिपायाने काठी बगलेत धरली. गावाबाहेरच्या नाक्यावर तो कालच बंदोबस्ताला आला होता, तोही लांबच्या जिल्ह्यातून. "माहेरी कशामुळं गेली?"

"दारूमुळं," बब्रुवान म्हणाला.

"मग? सुटली का आता?"

"लाकडाऊन लागल्यापासनं हात लावला न्हाय."

"शाब्बास! त्रास होतो का काही?"

"हाताला करमत न्हाय, येवढंच."

"कधीपासून होती?"

"ल्हानपनापासनं. बापच शेजारी बसवून शिकवायचा."

शिपायाला भरून आलं. तो बब्रुवानच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला आणि नियम आठवून सहा फूट मागे सरकला. लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले जमादार तिथूनच ओरडले, "आरं येड्या, तेरखेडा हाय हे! फटाक्याची दारू म्हनतोय त्यो. शोभेची!"

बब्रुवानने आयुष्यात थेंबही घेतला नव्हता. पण त्याची बायको दारूपायी घर सोडून गेली हे तालुक्याला माहीत होतं, आणि ते खरंही होतं. तो फटाक्यांच्या कारखान्यात मसाला कालवायचा. संध्याकाळी घरी यायचा तो अंगाखांद्यावर गंधक घेऊन. मथुराबाईला दम्याने धरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषधं लिहून देतो, पण खरं म्हणजे हवा बदला. गावची हवा बदलणं बब्रुवानच्या हातात नव्हतं. म्हणून मथुराबाई बदलली गेली. भाऊ रामलिंग येऊन तिला वस्तीवर घेऊन गेला.

मग करोना आला. कारखाने बंद झाले, हायवेवरचे ट्रक बंद झाले, पलीकडची खडीची मशीन गप पडली. एका सकाळी बब्रुवान पत्र्यावर वाळवण घालायला चढला आणि तसाच उभा राहिला. समोर डोंगर होता. डोंगर आधीही असणार, पण आज त्यावर रामलिंगच्या वस्तीचा पिंपळ दिसत होता. त्याने हाताचा वास घेतला. हाताला कसलाच वास नव्हता. असला हात त्याने लग्नातसुद्धा तिच्या हाती दिला नव्हता. त्याच दुपारी रामलिंगचा फोन आला, "दाजी, अक्का आज हिरीवरनं घागर घिऊन आली. मधी कुठं बसली न्हाय."

वर तीही बरी, खाली हवाही बरी. बब्रुवानने टोपी घातली आणि नाक्यावर आला.

"पास लागतो," जमादार म्हणाले. "बाई आजारी हाय का? आजारपनाचा पास मिळतो."

"आजारी होती. आता बरी झालीय. म्हनून तर आनायचीय."

"बरं झाल्याचा पास नसतो, बब्रुवान."

"मग कशाकशाचा असतो?"

"आजारपन, बाळंतपन, मयत."

बब्रुवानने तिन्हींचा नीट विचार केला. "बाळंतपनाचं वय न्हाय राह्यलं," तो म्हणाला.

"तेवढं मलाबी कळतंय. जा घरी."

तो घरी गेला. पुढे रोज दिवेलागणीला तो पत्र्यावर चढायचा. पिंपळाखाली मथुराबाई कंदील धरायची, खालून हा एक फुलबाजी पेटवायचा. तेवढा धूर करणं त्याच्या जिवावर यायचं, पण दुसरं काही जवळ नव्हतं. गावभर खोकल्याची दहशत होती. कुणी खोकलं की गल्ली दार लावून घ्यायची. आणि ज्या बाईच्या खोकल्याने हे घर मोडलं, ती खोकत नव्हती आणि तिला यायला वाट नव्हती.

वाट मोकळी झाली तेव्हा बब्रुवान पहिल्याच दिवशी वर गेला आणि तिला घेऊन आला. मथुराबाईने आल्याआल्या उशी हुंगली, गोधडी हुंगली. "घराला वास न्हाय," ती म्हणाली, आणि एखाद्या पाहुणीसारखी बाजेच्या कडेवर बसली. रात्री जेवताना ती हसलीसुद्धा. पण जी मोकळीक तिला मिळाली, तीच ट्रकांनाही मिळाली. खडीची मशीन सुरू झाली. दिवाळीचा माल मागे पडला होता, म्हणून कारखाना दोन पाळ्यांत धावायला लागला. मालकाचा निरोप आला तसा बब्रुवान कामावर गेला आणि संध्याकाळी घरी आला तो गंधक घेऊन. मथुराबाईने पदर तोंडाशी धरला. दोन दिवस तिने पदराआड खोकून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली.

"ऱ्हा की आनखी."

"हवा हुती तवर आले हुते की वो," ती म्हणाली.

त्याने काम सोडूनही पाहिलं. वस्तीवर जाऊन रामलिंगची शेरडं राखली. पहिल्या दिवशी दोन शेरडं कमी आली, दुसऱ्या दिवशी एक जास्त आलं, आणि ते ज्याचं होतं तो कुऱ्हाड घेऊन आला. "दाजी," रामलिंग हात जोडून म्हणाला, "तुमी आपली दारूच करा."

पुतणी निकिता धाराशिवला कॉलेजात शिकते. गेल्या सुट्टीत तिने सांगितलं, "काका, त्या वर्षी साऱ्या जगाचा धूर कमी झाला होता. दुसऱ्या वर्षी सगळी कसर भरून निघाली."

"पर थोडातरी फरक पडला आसंल की."

"हवेतला धूर म्हणजे हौद. त्यावरचा नळ जरा बारीक केला, काका. हौद भरतच होता. धुरानं वाढलेलं ऊन कुठं कमी झालंय?"

बब्रुवानने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग परत कवा यील?"

"काय?"

"रोग."

"काका! माणसं गेली त्यात. आपल्या गल्लीतले नाना गेले."

"म्हाईत हाय. खांदा द्यायला चार जन मिळाले न्हाईत." तो ओशाळला. "तसं न्हाय म्हनत म्या. रोगाबिगर न्हाय का व्हनार तसं? नुसतंच?"

"त्यावरच तर परिषदा चालल्यात."

"कुठं?"

"परदेशात. जगभरातनं लोक येतात."

"कशानं?"

निकिताने जीभ चावली. "विमानानं."

बब्रुवानने मान डोलावली. कामाला तर सगळ्यांनाच जावं लागतं.

आता सुट्टीच्या दिवशी तो वर जातो. आधी विहिरीवर अंग घासून आंघोळ करतो, रामलिंगचा सदरा घालतो, तरी मुरलेलं थोडंफार उरतंच. म्हणून अंगणात आल्यावर आधी माती चिमटीत घेऊन सोडायची आणि वारं बघायचं. ज्या अंगाने वारं येतं तिकडे मथुराबाईची बाज, पलीकडच्या टोकाला बब्रुवानचा दगड. करोनाचं सहा फुटांचं अंतर अख्ख्या जिल्ह्यात अजून कुणी पाळत असेल तर हे दोघंच.

परवाही ते तसेच बसले होते. खाली तेरखेडा असायला हवं होतं, तिथे नुसता भुरा पट्टा होता.

"फुलबाजी लावता का आजून?" तिने विचारलं.

"लावतो की. दिसती का?"

"न्हाय." ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "कंदील दिसतो का?"

"न्हाय."

"म्या लावते पर."

पिंपळ सळसळला. पानं उलटी झाली, वारं फिरलं. मथुराबाईने शेंगांचं सूप खाली ठेवलं. बब्रुवानने दगडावरून टोपी उचलली.  दोघंही उठून जागा बदलायला निघाले. अंगणाच्या मध्यावर ते एकमेकांच्या अगदी जवळून गेले. तिने श्वास धरून ठेवला होता की नाही, ते त्याला कळलं नाही. चालत मात्र दोघंही हळूच होते.