नवव्या शब्दापाशी

भाद्रपदाचं ऊन खाडीवरून चालत आलं. खारफुटीच्या हरित शेंड्यांवरून, पोटरीला आलेल्या भातावरून, नारळींच्या लांब सावल्या ओलांडत ते जांभ्याच्या पायऱ्या चढलं आणि कमानीतल्या निळ्या, पिवळ्या, डाळिंबी तावदानांतून आत उतरलं. आत फरशीवर रंग सांडले. ते तुडवायला आता फारसं कुणी उरलं नव्हतं.

गाव या वास्तूला मशीद म्हणतं. बेने इस्रायलींची मशीद. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेलं हे यहुदी प्रार्थनामंदिर. जांभा इथलाच, चुना इथल्याच शिंपल्यांचा, सागाचे खांब इथल्याच सुतारांनी तासलेले. मन तेवढं पश्चिमेला, समुद्रापलीकडच्या यरुशलेमकडे. म्हणून पश्चिमेच्या भिंतीत हेखल, सेफेर तोराची पवित्र गुंडाळी ठेवायचं नक्षीदार कपाट. मधोमध कठड्याचा तेबा, जिथून प्रार्थना म्हणायची. आणि वर, लाकडी जाळीआड, बायकांची माडी.

त्या माडीत सिपोरा बसली होती.

एकतीस वर्षं तिने ही फरशी पुसली. एकतीस वर्षं दिव्यांना खोबरेल घातलं, मखमली पडद्याची धूळ झटकली. नवरा एलोजी इथला शम्माश, म्हणजे सेवेकरी. काम मात्र दोघांचं. प्रार्थना सुरू झाली की केरसुणी कोपऱ्यात ठेवायची आणि माडी चढायची. खाली राबायला बाई चालते, खाली बसायला चालत नाही. देवाघरचा न्याय म्हणायचा आणि गप्प बसायचं.

आज एलोजीची बरसी. पोटी मूलबाळ नाही. त्याच्या नावाने कदीश, मेलेल्यासाठी म्हणायची ती प्रार्थना, चुलतभाऊ बेन्सियन म्हणणार होता. कदीशला दहा पुरुष लागतात. आणि दिवस आजचाच होता, कारण दुपारी सेफेर मुंबईला जाणार आणि दाराला कुलूप पडणार, असं पंचांनी ठरवून टाकलं होतं. एलोजी जिथे उभा राहायचा तिथे एकदा त्याच्यासाठी कदीश व्हावा, एवढंच सिपोराला हवं होतं.

माणसं बोटांनी मोजायची नाहीत, अशी रीत. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणायचं. एकेका डोक्याला एकेक शब्द. बेन्सियन म्हणू लागला. अलिबागचे चौघे झाले, पनवेलचे तिघे झाले, गुडघे चोळत बसलेला पेणचा म्हातारा झाला. शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बेन्सियन म्हणाला, "अद." आणि थांबला.

अद म्हणजे पर्यंत. दहावा शब्द हाओलाम, म्हणजे निरंतर. निरंतराला माणूस नव्हता.

"पुन्हा म्हण," कुणीतरी म्हणालं. त्याने पुन्हा म्हटलं. शब्द पुन्हा त्याच्याच छातीपाशी येऊन अडला.

"असं कसं? गेल्या वर्षापर्यंत तर इथं दहा जमायचे."

पेणच्या म्हाताऱ्याने मान खाली घातली. "दहावा एलोजीच असायचा रे."

जाळीआड सिपोराने ते ऐकलं. तापाने अंग फणफणलेलं असताना तो दहावा होता. भरल्या ताटावरून उठून तो दहावा होता. ज्यांनी आयुष्यात त्याला कधी धड हाक मारली नाही, त्यांच्याही मढ्यांसाठी तो दहावा होता. पंचक्रोशीतल्या मेलेल्यांना त्याने कदीश मिळवून दिला, आणि त्याच्या वाट्याला मात्र नऊ. तिला देवाचा राग आला, आणि त्याहून जास्त या नऊ जणांचा आला.

ती माडी उतरली. जिना कुरकुरला. पुरुषांच्या रांगा ओलांडून ती हेखलसमोर, निळ्या-डाळिंबी उजेडात जाऊन उभी राहिली.

"भावोजी, मी आहे ना."

बेन्सियन ओशाळला. "वहिनी, बाईमाणूस मोजत नाहीत. तुम्हाला काय ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. नका मोजू. मी नुसती म्हणते."

कुणी हो म्हटलं नाही, कुणी अडवलंही नाही. एकतीस वर्षं वरून ऐकलेला कदीश तिला तोंडपाठ होता. पहिला चरण म्हणून ती थांबली. इथे ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं असतं.

नऊ पुरुष उभे होते. बेन्सियनने टोपी नीट केली. पेणच्या म्हाताऱ्याचे ओठ हलले, आणि मिटले. आमेनएवढी जागा सोडून ती पुढे म्हणू लागली. दर चरणाला थांबली, दर चरणाला वाट पाहिली, दर चरणाला ती रिकामी जागा तशीच मागे ठेवली, आणि एकटी शेवटाला पोचली.