लोह्याची भाची

"मामा, गाव कुठलं तुमचं?" असं विचारत वर्षाराणीनं पलंगाशेजारी स्टूल ओढलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

लातूरच्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. त्या साली विद्यापीठाच्या स्वतःच्या कॉलेजची मुलं आणि लातूरच्या खाजगी कॉलेजची मुलं एकत्र बसवली होती. त्यांत उजवं कोण ते विद्यापीठाकडून आलेल्या परीक्षक मालविका मॅडम बघणार होत्या आणि निवडक मुलांना विद्यापीठाच्या मणक्याच्या वॉर्डात इंटर्नशिपला नेणार होत्या. वर्षाराणीला ती जागा हवी म्हणजे हवीच होती. अकरावीला ती लोह्याहून क्लाससाठी लातूरला आली, दोन वर्षं घोकून घोकून डोळ्यांखाली काळं झालं, तरी डॉक्टरकी थोडक्यात हुकली. लातूरच्याच खाजगी कॉलेजात फिजिओला गेली तर गल्लीतले लोक विचारत, मालिश शिकून राहिलीस का? कॉलेजात मशिनं होती, पण कपाटात कुलूपबंद. पडलेल्या माणसाला पायावर कसं उभं करतात, हे तिला एकदा खऱ्या वॉर्डात शिकायचं होतं.

तिच्या आधी याच पलंगाशी विद्यापीठाच्या कॉलेजचा अनय येऊन गेला. 'अंकल, रिलॅक्स' एवढंच तो म्हणाला. पाय उचलला, गुडघा वाकवला, ताकद तपासली आणि मोकळा झाला. लातूरच्या पोरांना मात्र गाव विचारल्याशिवाय हात लावायचं सुधरत नसे. मशिनं हाताशी नाहीत तर निदान माणसाशी बोला, असं त्यांच्या रेणुकादास सरांनीच शिकवलेलं; आधी गाव, मग पाऊसपाणी, मग दुखणं.

पलंगावरचे व्यंकटराव किल्लारीकडचे. भूकंपात घराचं मातीचं माळवद अंगावर आलं, तेव्हापासून कमरेखाली जेमतेम जीव. त्यांनी उलट विचारलं, "तू कुठली, माय?"

"लोह्याची."

म्हातारा कोपरावर उठला. कुण्या गल्लीची, धोंडाबाईचं घर ठाऊक हाय का, असं खोदून खोदून विचारायला लागला. धोंडाबाई ही त्यांची धाकटी बहीण, लोह्याला दिलेली. गणपतीला माहेरी आली आणि त्याच माळवदाखाली गेली. वर्षाराणीला घर चांगलंच ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागून. लहानपणी तिच्या वेण्या धोंडाबाईच घालायची. आम्ही काकी म्हणायचो त्यांना, असं ती बोलून बसली.

झालं. व्यंकटरावांनी दोन्ही हातांनी चादर पायांवर ओढून घेतली.

"मंग तू माझी भाची झालीस. भाचीच्या हातात पाय देत नसतेत. मामानं भाचीच्या पाया पडायचं असतंय."

तिनं समजावलं, विनवलं. गावच्या नात्यानं भाची, सख्खी थोडीच, असंही म्हणून पाहिलं. म्हातारा चादर सोडेना. त्या मघाच्या पोराला बोलाव, त्याला कसाबी वाकवू दे, म्हणाला. रेणुकादास सर दारात नुसते हात चोळत उभे. पेशंट बदलून मिळणार नाही, असं मॅडमनी सांगून टाकलं. चादर ओढून काढावी, असं वर्षाराणीच्या मनात आलंही, पण हात पुढं होईना. तेवढ्यात वेळ संपली.

"रुग्णाचं सहकार्य मिळवता आलं नाही," मॅडम सौम्यपणे म्हणाल्या. "आमच्या मुलांना ही अडचण येत नाही." आणि त्या पुढच्या पलंगाकडं वळल्या.

वर्षाराणीच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बोलण्याचं चार वर्षं कौतुक झालं, त्यानंच हातातोंडाशी आलेला घास घालवला. म्हाताऱ्याचा राग आला, सरांचा आला, स्वतःच्या जिभेचा तर सगळ्यात जास्त. ती सामान आवरायला लागली.

"जाऊ नको, माय," व्यंकटराव म्हणाले. "धोंडा गेली तवापासून लोह्याचं कुणीबी आलं न्हाई."

पलंगाची दांडी धरून ते कसेबसे उठून बसले, हातांनीच पाय खाली सोडले, आणि तिच्या पायांकडं वाकता वाकता एका बाजूला कलंडले. तिनं झटकन सावरलं.

"एवढं खाली जमायचं न्हाई मामा, पडताल."

तिचा राग अजून गेला नव्हता. तरी तिनं स्टूल पुढं सरकवलं, चप्पल काढून पाय त्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांची कंबर घट्ट धरली. त्यांची बोटं तिच्या अंगठ्याला लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली. पलीकडं मॅडमनी पुढचा नंबर पुकारला.