मेट्रनची ऊब

"सव्वीस," नेव्हिल म्हणाला. "झोपताना एकतीस अंश होतं."

"बघू." ग्लेनिसने चष्मा कपाळावर चढवला आणि फ्रिजच्या उघड्या फटीतून डोकावली. "सव्वीसच आहे. तुझ्या तोंडाकडे बघून वाटलं, शून्यावर आलंय."

"दार लाव. ऊब जाते."

हा फ्रिज थंड करायचा बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. नेव्हिलने त्यात तापणारी वायर फिरवून एक छोटा पंखा बसवला होता आणि त्यात तो अजगराची अंडी उबवत असे. डोंगरावरच्या सरपटणारे प्राणी पाळणाऱ्या मंडळात असा फ्रिज दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मंगळवारी रात्री वादळात निलगिरीची उंच झाडं तारांवर आडवी झाली आणि अख्ख्या डोंगराची वीज गेली. आता बुधवारची सकाळ होती. ऑगस्ट, म्हणजे इकडचा हिवाळा, संपत आला होता, तरी कुंपणावर बर्फ होता.

"शुक्रवारपर्यंत येईल म्हणतात," ग्लेनिस म्हणाली. ती दोन पडलेली झाडं ओलांडून थर्मास घेऊन आली होती. पूर्वी ती शाळेची बस चालवायची. अजूनही ती बोलली की मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई.

"तुझे सरडे?"

"पाचही जण उशीच्या अभ्र्यात आणि अभ्रा माझ्या रजईत. गारठले की झोपतात बिचारे. पोट रिकामं असलं की त्यांना थंडीचं काही नाही. अंड्याला झोपता येत नाही, ही पंचाईत."

"मी आहे ना. हॉस्पिटलचा बॉयलर एकतीस वर्षं सांभाळला. चौदा अंडी म्हणजे काय!"

तो बढाई मारत नव्हता. खाली शहरातल्या हॉस्पिटलच्या तळघरात नेव्हिल स्ट्रॉने दर पंधरा मिनिटांनी काटा वाचून वहीत आकडा लिहिला होता. वर बाळं जन्मली, माणसं गेली, चादरी उकळल्या, सूप शिजलं. त्याची वाफ कधी कमी पडली नाही. तळघरात खाली उतरून येणारी एकच व्यक्ती होती, हॉस्पिटलची मुख्य नर्स, मेट्रन. ती बोलायची नाही, नुसती बघायची, आणि नेव्हिलच्या डोक्यावरची टोपी आपोआप हातात यायची. पुढे आपोआप चालणारा बॉयलर आला. नेव्हिलला निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याने लग्न केलं नाही, अजगर पाळला. ती अडीच मीटरची, पिवळ्या-काळ्या नक्षीची मादी बोलायची नाही, नुसती बघायची. नाव शोधावं लागलं नाही.

नऊ दिवसांपूर्वी मेट्रनने अंडी घातली होती. तिचं पंधरावं वर्ष होतं. पुन्हा घालेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मंडळात सगळे करतात तेच नेव्हिलने केलं. अंड्यांचा चिकटलेला घोस उचलून फ्रिजमध्ये ठेवला. उलटी होऊ नयेत म्हणून प्रत्येकावर पेन्सिलने ठिपका दिला. मग मेट्रनला कोमट पाण्यात धुतलं. अंड्यांचा वास अंगावर राहिला, तर मादी रिकाम्या जागेलाच वेटोळं घालून बसते आणि खात नाही. मेट्रन मे महिन्यापासून जेवली नव्हती.

त्याने अंड्यांचा डबा फोमच्या खोक्यात घातला आणि खोकं बैठकीतल्या लाकडं जाळायच्या शेगडीजवळ आणलं. पलीकडे मेट्रनची पेटी. मग खुर्ची ओढून बसला. ओंडका घातला की काटा साडेतेहतीसवर जाई, खोकं मागे सरकव. ओंडका विझत आला की सव्वीस, खोकं पुढे घे. असं बुधवारभर चाललं आणि रात्रभरही. गुरुवारी उजाडताना त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा काटा चोवीसवर होता.

ग्लेनिस आली, तेव्हा तो खोक्यावर स्वतःचा कोट पांघरून बसला होता.

"नेव्ह, तू बॉयलर नाहीस."

"माहितीये."

"जिची आहेत तिला दे की परत."

"ती म्हातारी आहे, ग्लेनिस. अंगावर मांस नाही. अंडी उबवायची म्हणजे तिला थरथरावं लागतं, स्वतःचंच मांस जाळावं लागतं. मरेल ती."

"आणि हे असं चाललं तर अंडी मरतील. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"मी धुतलंय तिला. ओळखायची नाही."

"मला कशाला सांगतोस? तिला विचार."

नेव्हिलने खोकं उघडलं. ठिपके वर ठेवून, श्वास रोखून, त्याने तो पांढरा घोस मेट्रनच्या पेटीत टेकवला. मधोमध थर्मामीटरची बारीक तार खोचली. मेट्रन हलली नाही. मग जीभ बाहेर आली. एकदा, दोनदा. तिने हनुवटी एका अंड्यावरून फिरवली, मग दुसऱ्या.

"बघ आता," ग्लेनिस पुटपुटली. तिला पुटपुटता येतं, हे नेव्हिलला आजच कळलं.

मेट्रन घाई न करता अंड्यांभोवती फिरली. एक वेढा, त्यावर दुसरा, तिसरा. शेवटी वरच्या अंड्यावरचा पेन्सिलचा ठिपका तेवढा दिसत होता. त्यावर तिने डोकं ठेवलं.

आणि मग ते सुरू झालं. अंगातून उचकीसारखा एक झटका गेला. थोड्या वेळाने आणखी एक. मग ठरावीक अंतराने, एकसारखे.

दुपारी काटा सत्तावीसवर होता, संध्याकाळी तिसावर. नेव्हिल सवयीने पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत राहिला. शेगडी फुलली की मेट्रन वेढे सैल करी आणि झटके थांबत. खोली गारठली की वेढे आवळत, झटके वाढत. शुक्रवारी सकाळी शेगडी विझत आली होती आणि खोली बावीस अंशांवर. वेढ्यांच्या आत तीस. तिला वायर नव्हती, काटा नव्हता आणि वहीही नव्हती. जे जमायला नेव्हिलला उमेदवारीची चार वर्षं लागली होती, ते तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"टोपी कुठे गेली तुझी?" ग्लेनिसने विचारलं.

टोपी त्याच्या हातात होती. कधी काढली, ते त्यालाही आठवेना.

तीनच्या सुमाराला मागच्या खोलीत फ्रिज घुमला आणि टीव्ही एकदम बोलायला लागला. दोघेही दचकले.

"आली," ग्लेनिस म्हणाली. मग पेटीत वाकून बघत, "राहू दे ना तिच्याकडेच. काय सुंदर करतेय."

"अंडी फुटायला अजून सहा आठवडे आहेत."

फ्रिजचा काटा एकतीसवर येऊन थांबेपर्यंत नेव्हिल समोर उभा राहिला. मग बाह्या सारून त्याने मेट्रनचे वेढे एकेक करून सोडवले. ती चावली असती तरी चाललं असतं. ती चावली नाही. फक्त सोडवलेला वेढा पुन्हा पुन्हा जागेवर आणत राहिली. चौदाही अंडी फ्रिजमध्ये गेली, ठिपके वर. त्याने मेट्रनला वजनकाट्यावर ठेवलं. दीड दिवसात पंचेचाळीस ग्रॅम गेले होते. पाठीचा कणा बोटांना लागत होता.

"बरोबर केलंस," ग्लेनिस म्हणाली. "आता धुऊन टाक. नाहीतर खायची नाही." तिने कोट घातला आणि आपल्या सरड्यांकडे निघाली.

नेव्हिलने टब भरला. कोपर बुडवून पाणी पाहिलं. मेट्रनला मांडीवर घेऊन टबाच्या कडेला बसला. तिने त्याच्या मांडीवर वेटोळं घातलं, मधे पोकळी ठेवून, आणि तिच्या अंगातून झटका गेला. मग पुन्हा. ठरावीक अंतराने.

पाणी निवत गेलं.

लाकडं फोडून फोडून त्याचा उजवा हात तीन दिवस बधिर होता. तो त्याने त्या पोकळीत ठेवला. वेढे हळूहळू त्याच्याभोवती आवळले, जीभ एकदा मनगटाला लागली आणि डोकं वर टेकलं. फ्रिज पलीकडे घुमत होता. नेव्हिल हात न हलवता बसून राहिला. बऱ्याच वेळाने आधी तळव्याला, मग एकेका बोटाला ऊब कळू लागली.